देणगी, देणे की वाटा?



रविवारच्या मिस्सात विश्वासूंच्या प्रार्थना संपतात, गायनवृंद अर्पणगीत सुरू करतो आणि सेवक पिशव्या घेऊन बाकांच्या रांगांतून फिरू लागतात. त्या दोन-चार मिनिटांत चर्चमध्ये एक वेगळीच हालचाल होते. कुणी पाकीट उघडतो, कुणी नोटेची घडी मुठीत लपवतो, आई लहानग्याच्या हातात नाणे देऊन त्याचा हात पिशवीपर्यंत नेते, आणि काहीजण नेमके त्याच वेळी डोळे मिटून प्रार्थनेत मग्न होतात. वेदीवरून आम्हाला हे सारे दिसते. आम्ही कुणाला हसत नाही, कारण धर्मगुरू होण्यापूर्वी बाकावर बसून आम्हीही हे सगळे प्रकार केलेले आहेत.

पैशाविषयी बोलणे धर्मगुरूला नेहमीच अवघड जाते. बोलले तर लोक म्हणतात, 'फादरना पैशाशिवाय दुसरे काही सुचत नाही.' न बोलले आणि पावसाळ्यात छप्पर गळू लागले, तर तेच लोक म्हणतात, 'फादरचे चर्चकडे लक्ष नाही.' तरीही आज बोलणे भाग आहे. आपल्या अर्थ समितीच्या बैठकीत पुन्हा एकदा तीच गोष्ट समोर आली. सणाच्या रोषणाईला, बँडला आणि मंडपाला पैसा कमी पडत नाही. पण रविवारच्या अर्पणातून विजेचे बिल, सेवकांचे पगार, धर्मशिक्षणाची पुस्तके आणि आजाऱ्यांच्या सेवेचा खर्च भागत नाही. मात्र हिशेब मांडण्यापूर्वी आम्हाला आमच्याच एका चुकीची कबुली द्यायची आहे, कारण आजचा प्रश्न त्या चुकीतूनच आमच्या मनात उभा राहिला.

आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आम्ही चर्चच्या दारातील फलकावर देणगीदारांची यादी लावली होती. नाव आणि नावापुढे रक्कम. सर्वात मोठी रक्कम वर, सर्वात लहान तळाला. लोकांना प्रोत्साहन मिळावे हा आमचा हेतू. यादी लागली आणि जमा खरोखर वाढली. आम्ही खूश झालो. पण काही महिन्यांनी लक्षात आले की, पहाटेच्या मिस्साला नेमाने येणाऱ्या एक आजी दिसेनाशा झाल्या आहेत. बाजारात भाजी विकून घर चालवणाऱ्या ह्या आजी मिस्सा आटोपून टोपली घेऊन जात. चौकशी केली तेव्हा कळले की, त्या आता शेजारच्या गावच्या चर्चला जातात. आम्ही घरी गेलो. आजींनी चहा केला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि शेवटी म्हणाल्या, "फादर, माझ्या नावापुढं पन्नास लिहिलंय. खरं तेच लिहिलंय. पण माझा नातू ती यादी पोरांबरोबर वाचत होता."

त्याच आठवड्यात यादीच्या वरच्या टोकाकडूनही एक फोन आला. मुलीच्या लग्नाचा मिस्सा ठरावीक वेळेलाच हवा होता, आणि त्या वेळी आधीच दुसरे लग्न ठरलेले होते. आम्ही तसे सांगताच पलीकडून उत्तर आले, "फादर, यादीत पहिले नाव कुणाचे आहे ते एकदा बघा."

एका कागदाने एकीला बाहेर घालवले आणि दुसऱ्याला मालक बनवले. कागद आम्हीच लावला होता. तो दुसऱ्या दिवशी काढला. पण मनातला प्रश्न निघाला नाही. आपण चर्चला जे देतो, ते नेमके काय असते?

आपल्या मराठीत 'देणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'मी त्याला शंभर रुपये दिले' हेही देणेच, आणि 'मी त्याचे शंभर रुपये देणे आहे' हेही देणेच. एकात उदारपणा आहे, दुसऱ्यात कर्ज आहे. चर्चला द्यायचा पैसा ह्यांपैकी कशात मोडतो? ती देणगी आहे की देणे आहे?

प्रथम ते देणे आहे असे धरून पाहू. आपण चर्चच्या सेवा घेतो. बाळाचा बाप्तिस्मा, मुलांचे धर्मशिक्षण, लग्न, आजारपणातील तैलाभ्यंग, शेवटी दफनभूमीतील जागा. मग त्याचे मोल नको का द्यायला? वरवर हे न्यायाचे वाटते. पण ही वाट कुठे जाते ते पाहा. मोल दिले की व्यवहार संपतो. 'वर्षाची वर्गणी भरली, आम्ही सुटलो,' असे म्हणायला माणूस मोकळा होतो. आणि ज्याने मोल दिले नाही, त्याच्यासाठी दार बंद होते. आपल्या धर्मग्रामातील एका आजारी बाबांना आम्ही ख्रिस्तशरीर द्यायला गेलो होतो. पापनिवेदन झाले, ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि मग त्यांनी आमचा हात धरून हळूच विचारले, "फादर, तीन वर्षांची वर्गणी राहिली आहे. मला माती मिळेल ना?" बंधुभगिनींनो, मरणाच्या दारात असलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मनात देवाच्या दयेऐवजी वर्गणीची पावती येत असेल, तर आपण सर्वांनी, आणि आम्ही धर्मगुरूंनी सर्वात आधी, खाली मान घालावी.

कृपेला किंमत नसते हे चर्चने पहिल्या पिढीपासून सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचा सिमोन पैसे घेऊन येतो आणि पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य विकत मागतो. पेत्र त्याला ज्या शब्दांत झिडकारतो, ते शब्द आजही अंगावर येतात. पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीच्या पापाला जगभर ह्याच सिमोनचे नाव पडले. १९८३ सालची धर्मसंहिता सांगते की, गरिबीमुळे कुणीही संस्कारांपासून वंचित राहू नये (नियम ८४८), आणि अर्पण मिळाले नाही तरी धर्मगुरूंनी गरजूंच्या हेतूंसाठी मिस्सा अर्पावा (नियम ९४५). म्हणून येथे स्पष्ट लिहितो : आपल्या धर्मग्रामात पैशावाचून कुणाचा बाप्तिस्मा, लग्न किंवा अंत्यविधी अडणार नाही. कुणी तसे सांगत असेल तर थेट आमच्याकडे यावे.

मग ती देणगी आहे का? देणगीत स्वातंत्र्य आहे आणि ते पवित्र शास्त्राला मान्य आहे. अनन्या आणि सप्पीरा ह्यांनी जमीन विकून पैशाचा काही भाग लपवला, तेव्हा पेत्राने त्यांना स्पष्ट सांगितले की जमीन त्यांची होती आणि विकल्यावर पैसाही त्यांच्याच हातात होता. त्यांचा अपराध कमी देण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता. संत पौलही करिंथ येथील मंडळीला हेच सांगतो की, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे आनंदाने द्यावे, जुलमाने नव्हे. मात्र निव्वळ देणगीचीही एक अडचण आहे. देणगी देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. काय द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि कधी थांबायचे, हे सारे देणाऱ्याच्या मर्जीवर. आमचा अनुभव सांगतो. वडिलांच्या स्मरणार्थ बाक देणारे भेटतात, पुतळा देणारे भेटतात, वेदीला संगमरवर देणारेही भेटतात. पण 'वडिलांच्या स्मरणार्थ ह्या महिन्याचे विजेचे बिल' असे म्हणत आजवर एकही जण आलेला नाही! बिलावर नाव कोरता येत नाही ना.

पैसा एकाच हातातून आला की काय होते, ते आपल्या वसईच्या इतिहासाने पाहिले आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. त्या काळच्या 'पाद्रोआदो' व्यवस्थेत चर्चच्या खर्चाचा भार पोर्तुगालच्या राजाने उचलायचा आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नावे सुचवण्याचा हक्क राजाला मिळायचा. ज्याची तिजोरी त्याचा शब्द, हे ओघानेच आले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि येथील तो राजाश्रय संपला. किल्ल्यातील भव्य चर्चेस आज छपराविना उभी आहेत. गावोगावची श्रद्धा मात्र टिकली. तिच्यामागे राजा नव्हता. केळीच्या बागा शिंपणारे, मासे धरणारे, भाजी-फुले विकणारे आपले पूर्वज होते. एकाच्या मोठ्या देणगीवर उभे असलेले चर्च त्या एकाबरोबर पडू शकते. अनेकांच्या लहान हातांवर उभे असलेले चर्च सहजासहजी पडत नाही.

तेव्हा केवळ देणे म्हणून चालत नाही आणि केवळ देणगी म्हणूनही भागत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचे एक विवेचन आम्ही वाचले होते. त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षे गेली. दशमांशाविषयी लिहिताना ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. जे लोकांसाठी देवाच्या सेवेत राहतात त्यांच्या निर्वाहाची सोय लोकांनी करावी, हे माणसाच्या साध्या बुद्धीलाच पटणारे कर्तव्य आहे. पण ते दहाव्या भागाने करावे की आणखी कशा मापाने, हे चर्चने ठरवायचे असते. आजची धर्मसंहितादेखील कर्तव्य सांगते (नियम २२२), परंतु प्रत्येकाची रक्कम सांगत नाही. कर्तव्य आहे, पण बिल नाही. स्वातंत्र्य आहे, पण लहर नाही. असे काही आपल्या रोजच्या जगण्यात आहे का?

आहे. ते आपल्या घरातच आहे. मुलाला नोकरी लागते. पहिल्या तारखेला तो आईच्या हातात घरखर्चाचे पैसे ठेवतो. ही देणगी आहे का? आईला कुणी 'देणगी' म्हणून पैसे दिले तर ती माउली ते परत फेकेल. मग हे आईच्या स्वयंपाकाचे बिल आहे का? तसे म्हणणाऱ्याला तर ती जेवायलाच वाढणार नाही! हा त्याचा वाटा आहे. घर त्याचे आहे म्हणून घराचा भार त्याचा आहे. धाकट्याला नोकरी नाही, तरी तो त्याच ताटात जेवतो, आणि त्याला कुणी हिशेब विचारत नाही. तो विहिरीचे पाणी काढतो, आजीला दवाखान्यात नेतो. तोही त्याचा वाटाच. आणि एखादा भाऊ कमावतो, पण काहीच देत नाही. त्यालाही घरातून कुणी हाकलत नाही. पण हळूहळू तोच आपल्या घरात पाहुण्यासारखा होतो. घर कसे चालले आहे, छप्पर कुठे गळते आहे, ह्याची त्याला चिंता उरत नाही. नुकसान घराचे होते त्याहून अधिक त्याचे स्वतःचे होते.

अर्पणाची पिशवी मिस्साच्या नेमक्या ह्याच वेळी का फिरते, तेही ह्यातून कळेल. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात त्याच वेळी आपला वाटाही येतो. इ. स. १५५च्या सुमारास हुतात्मा संत जस्टीन ह्यांनी रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या ख्रिस्ती उपासनेचे वर्णन केले आहे. ज्यांना ऐपत आहे आणि इच्छा आहे ते आपल्या मनाप्रमाणे देतात. जमलेले धन उपासना चालवणाऱ्या प्रमुखाकडे ठेवले जाते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील बंदी आणि परगावचे पाहुणे ह्यांची काळजी घेतो. बंधुभगिनींनो, त्या काळी ख्रिस्ती लोकांवर छळाची तलवार टांगलेली होती, तरी रविवारचा वाटा चुकला नाही.

आता कुणी म्हणेल, 'फादर, गरिबाला थेट दिले तर चालणार नाही का? चर्चच्या भिंतींना कशाला?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. संत जॉन ख्रिसोस्टोम ह्यांनी आपल्या प्रवचनात सोन्याच्या चषकांनी वेदी सजवणाऱ्यांना विचारले होते की, दारात ख्रिस्त उपाशी असताना ह्या सोन्याचा काय उपयोग? शेजारच्या घरी ऑपरेशनचा खर्च अडला असेल, तर त्या महिन्यातला तुमचा वाटा तिथे खुशाल द्या; तो वेदीपासून दूर गेला असे आम्ही मानणार नाही. पण एवढेही लक्षात असू द्या, की भुकेल्याकडे पाहायला शिकवणारी जागाही कुणीतरी जिवंत ठेवावी लागते. धर्मशिक्षणाचा वर्ग, आजाऱ्याच्या खाटेपाशी जाणारा सेवक, रात्री दोन वाजता वाजणाऱ्या फोनला उत्तर देणारे कुणीतरी, हे सारे भिंतींइतके दिसत नाही. पण त्यालाही खर्च येतो.

किती द्यावे, हा शेवटचा प्रश्न. मंदिरातील विधवेची गोष्ट आपण सर्व जाणतो. तिने दोन दमड्या टाकल्या, म्हणजे त्या काळच्या मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सुमारे चौसष्टावा भाग. प्रभूने तिचे दान सर्वांत मोठे ठरवले. ख्रिस्ताच्या तीन शतके आधी होऊन गेलेला ॲरिस्टॉटलही म्हणतो की, उदारता रकमेवर नव्हे, देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि वृत्तीवर मोजावी. थोड्यातून थोडे देणारा अधिक उदार असू शकतो. मात्र संत मार्कच्या शुभवर्तमानात ह्या गोष्टीच्या अगदी आधी काय आहे, ते आम्ही धर्मगुरू प्रवचनात सहसा सांगत नाही. तेथे प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर ताशेरे ओढतो. आणि गोष्ट संपताच त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे भाकीत करतो. म्हणजे विधवेची गोष्ट देणाऱ्यांना आदर्श आहे, पण घेणाऱ्यांना तो इशारा आहे. तिची शेवटची दमडी ज्यांच्या हाती आली, त्यांनी तिचे काय केले?

म्हणून वाटा मागणाऱ्यावर हिशेबाची जबाबदारी येते. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना संत पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कारण आपल्यावर कुणी बोट ठेवू नये आणि व्यवहार देवाबरोबर माणसांसमोरही स्वच्छ असावा अशी त्याची काळजी होती. पौलासारख्या प्रेषिताला जर ही गरज वाटली, तर आम्ही कोण? धर्मसंहितेनेही अर्पणाचा हिशेब भाविकांना द्यावा (नियम १२८७) आणि ज्या कारणासाठी पैसा दिला त्याच कारणासाठी तो वापरावा (नियम १२६७) असे बंधन घातले आहे.

अर्थ समितीशी विचार करून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. दारातील फलकावर आता कुणाचेही नाव वा रक्कम येणार नाही. त्या जागी दर महिन्याला एकूण जमा आणि बाबवार खर्च लागेल. पाकिटांवर नाव लिहायची गरज नाही. मोबाईलवरून देणाऱ्यांसाठी दारात क्यूआर कोड आहे, पण पिशवीतील दहाच्या नोटेचा मान त्याहून कमी नाही. ज्या घरात अडचण आहे त्यांनी देण्याचा विचार न करता संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेच्या सभासदांना किंवा आम्हाला एकांतात सांगावे. घराचा पैसा घरातील अडलेल्यासाठीच असतो.

आणि मापाविषयी एक सूचना, नियम नव्हे. रविवारचा मिस्सा साधारण एक तासाचा असतो. आपल्या आठवड्याच्या कमाईतील एका तासाची कमाई आपला वाटा म्हणून बाजूला ठेवता येईल का? इंजिनिअरचा तास वेगळ्या रकमेचा, भाजीवालीचा वेगळ्या. पण तास दोघांचाही साठ मिनिटांचाच. ज्याला काम नाही त्याने तो तासच द्यावा. दफनभूमीतील गवत काढायला, मुलांना शिकवायला, एकट्या म्हाताऱ्या माणसापाशी बसायला हात हवेच आहेत. ह्या आठवड्यात एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर सर्वांनी घरात बसून ह्यावर बोलावे, मुलांनाही बोलू द्यावे, आणि मग जे ठरेल ते आनंदाने करावे.

आजी आता पुन्हा पहाटेच्या मिस्साला येऊ लागल्या आहेत. यादी काढल्याचे सांगायला आणि क्षमा मागायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनी फक्त "बरं केलंत" एवढेच म्हटले आणि आम्हाला पिशवीभर वांगी दिली. त्या मागच्या बाकावर बसतात. पिशवी त्यांच्यापाशी येते तेव्हा त्या तिच्यात हात घालतात. त्या हातात काय असते ते आम्हाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक करून घ्यायची आमची इच्छाही नाही.

प्रभू आपणा सर्वांच्या घरांना आणि हातांच्या कष्टाला आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू